चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या शहरात काही महिन्यांनी फिरायला जाणं बरं दिसतं का?

जा. लोक काय म्हणतील म्हणून थांबू नका. मला हेच ऐकावं लागलं होतं, तेही घरातूनच.

आमचं गाव वरुड तालुक्यात, घरी संत्र्याची बाग. आईचं जगन्नाथपुरीचं दर्शन कित्येक वर्षं राहून गेलेलं. २०१९ चा पोळा झाला, डवरण-निंदण आटोपलं, म्हटलं आता घेऊनच जातो. त्याच वर्षी ३ मे रोजी फनी वादळ पुरीजवळ किनाऱ्याला धडकलं होतं. मोठा भाऊ आईसमोरच म्हणाला, "लोकाइच्या दुखाचा तमाशा पाह्याले चालले का?" आई त्या रात्री जेवली नाही. तरी गेलो.

चार महिने उलटले होते, जुलैत रथयात्राही झाली होती, त्यामुळे सगळं सावरलं असेल असं वाटलं. कोणार्कच्या रस्त्याला लागलो तेव्हा कळलं. सुरूचं बनच्या बन आडवं, नारळाचे शेंडे मोडून नुसते खांब उभे. आई ऑटोतून पाहत राहिली. म्हणाली, "हे तं गारपिटीनंतरची आपली बाग हाय बाप्पा."

मंदिराजवळच्या एका खाज्याच्या दुकानाचे पत्रे उडालेले. वर निळी ताडपत्री, तिच्या दोऱ्यांना विटा बांधून खाली सोडलेल्या. वादळाआधी सरकारने बारा लाखांच्या आसपास माणसं हलवली, म्हणून जीव वाचले. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या घरात माणसं गेली होती, या वेळी चौसष्ट. पण धंद्याचं काय? दुकानदार सांगत होता, उन्हाळ्याच्या सुट्टीचं गिऱ्हाईक गेलं ते अजून परतलं नाही. कित्येक आठवडे वीज नव्हती ते वेगळंच. आईने भाव न करता तीन किलो खाजा घेतला. दहा रुपयांसाठी भाजीवालीशी हुज्जत घालणारी बाई ती.

२०१४ च्या गारपिटीत आमच्याकडेही गाड्या भरून लोक आले होते. पडलेल्या फळांत उभं राहून फोटो काढले आणि निघून गेले. व्यापारी तर फोनच उचलत नव्हते. मला राग त्या फोटोवाल्यांचा आहे, येणाऱ्याचा नाही.

हो, पहिले एक-दोन महिने मात्र जाऊ नका. तेव्हा खोल्या, पाणी, जनरेटर हे तारा ओढणाऱ्या लाइनमनला आणि मदतीला आलेल्यांना लागतं. नंतर गेलात की लहान लॉजवर उतरा, तिथल्याच खानावळीत जेवा, आणि पडक्या घराचा फोटो घरमालकाला विचारल्याशिवाय काढू नका.

आणि दादा, तू हे वाचशीलच. त्या गारपिटीत एक वर्ध्याचं कुटुंब रस्त्याने जाता जाता थांबलं, डाग पडलेली चार क्रेट संत्री पूर्ण भावाने घेऊन गेलं. ते पैसे बाबांनी तुझ्याच हातात दिले होते, औषधाच्या दुकानाची उधारी चुकवायला. तेही फिरायलाच निघाले होते.