वाचकांचे प्रश्न : सेंटरचे मोल कशात मोजायचे?

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या मिनेसोटा टिंबरवुल्व्ज संघाचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) रुडी गोबेर याच्याविषयी या वेळी इतकी पत्रे आली की संपूर्ण सदर त्यालाच देणे योग्य वाटले. काही वाचकांना तो संघाचा कणा वाटतो, तर काहींना संघाच्या गळ्यातले लोढणे. सर्व पत्रे छापणे शक्य नसल्याने त्यांचा आशय ज्यांत आला आहे असे पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : गोबेर लढतीमागे बारा-चौदा गुण करतो, लांबून शॉट मारत नाही, चेंडू घेऊन स्वतः बास्केटकडे घुसत नाही. तरीही २०२३-२४ च्या मोसमात त्याचे वेतन ४ कोटी १० लाख डॉलर होते. हा पैसा नेमका कशाचा?

उत्तर : रक्कम मोठी आहे, यात शंका नाही. त्या मोसमात प्रत्येक संघासाठीची वेतनमर्यादा सुमारे १३ कोटी ६० लाख डॉलर होती, म्हणजे एकट्या गोबेरचे वेतन तिच्या जवळपास ३० टक्के होते. या पैशाच्या मोबदल्यात संघाला काय मिळाले हे समजून घ्यायचे असेल, तर गुणफलकावरची नजर काढून ती बास्केटखालच्या रंगवलेल्या पट्ट्यावर, म्हणजे पेंटवर, खिळवावी लागते.

प्रतिस्पर्धी गार्ड (चेंडू खेळवणारा खेळाडू) स्क्रीनचा, म्हणजे वाटेत उभ्या राहिलेल्या साथीदाराच्या अंगाचा, आडोसा घेऊन आपल्या बचावपटूला मागे टाकतो आणि आत घुसतो. स्क्रीन लावणारा उंच खेळाडूही वळून रिंगकडे धावू लागतो. अशा वेळी गोबेर पुढे झेपावत नाही. तो दोन पावले मागे सरकतो, गुडघे किंचित वाकवतो, एक हात वर धरतो, दुसरा बाजूला पसरतो आणि चेंडूवाला गार्ड व रिंगकडे धावणारा खेळाडू या दोघांच्या मधली जागा धरून उभा राहतो. २०१३ च्या ड्राफ्टपूर्वी, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीपूर्वी, झालेल्या मोजणीत जमिनीवर उभे राहून हात वर केल्यावर त्याची बोटे ९ फूट ७ इंचांपर्यंत पोहोचत होती. रिंग असते १० फुटांवर. उडी न मारताच ज्याची बोटे रिंगपासून पाच इंचांवर आहेत, असा माणूस समोर दिसल्यावर गार्ड लेअपसाठी (बास्केटजवळून मारायच्या सोप्या शॉटसाठी) उचललेले पाऊल आवरतो आणि चेंडू पुन्हा बाहेर देतो. शॉटसाठी ठरवून दिलेल्या वेळेतले चार-पाच सेकंद निघून जातात, हल्ला नव्याने उभारावा लागतो आणि शेवटी कोणीतरी तोल जात असताना लांबून शॉट मारतो. तो चुकला, तर रिबाऊंड, म्हणजे उसळून आलेला चेंडू, बहुधा दुसऱ्याच्याच हाती पडतो. या सगळ्या खटाटोपात गोबेरच्या नावापुढे ना ब्लॉक (अडवलेला शॉट) लागतो, ना रिबाऊंड, ना स्टील (हिसकावलेला चेंडू).

त्या मोसमात मिनेसोटाने लढतीमागे सरासरी १०६.५ गुण दिले आणि हा आकडा तीसही संघांत सर्वांत कमी होता. गोबेरला २०१८, २०१९ आणि २०२१ नंतर चौथ्यांदा वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळाला. त्याच्याआधी चार वेळा हा मान मिळवणारे दोघेच होते, डिकेम्बे मुटोम्बो आणि बेन वॉलेस. मात्र सर्व श्रेय एकट्या गोबेरच्या पदरात टाकणे मला मान्य नाही. जेडन मॅकडॅनियल्स आणि अँथनी एडवर्ड्स यांच्यासारखे चपळ खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अगदी अंगाला भिडून बचाव करू शकले, आणि ते तसे करू शकले याचे कारण आपण चकलो तरी मागे कोण उभा आहे, हे त्यांना माहीत होते. सेंटर आपल्या साथीदारांना धोका पत्करण्याची मुभा देतो आणि माझ्या मते त्याच्या वेतनातला मोठा वाटा या मुभेचा आहे.

आक्रमणातही थोडेफार असेच घडते. गोबेरच्या स्क्रीनमुळे गार्ड मोकळा होतो आणि बास्केट करतो, पण टाळ्या गार्डला मिळतात. अशा स्क्रीनची वेगळी नोंद आता ठेवली जाते आणि तीत गोबेर अनेक मोसम अग्रभागी राहिला आहे.

प्रश्न : हे सारे मान्य केले, तरी २०२२ मध्ये त्याला युटा जाझकडून घेताना मिनेसोटाने अवाच्या सवा किंमत मोजली नाही का?

उत्तर : मोजली, असेच माझे मत आहे. त्या वर्षीच्या जुलैमध्ये युटा जाझला मॅलिक बीझली, पॅट्रिक बेव्हर्ली, जॅरेड व्हँडरबिल्ट, लिआंद्रो बोल्मारो आणि नुकताच निवडलेला तरुण सेंटर वॉकर केसलर असे पाच खेळाडू मिळाले. शिवाय ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या चार निवडी आणि २०२६ ची निवड अदलाबदल करण्याचा हक्कही मिळाला. तिशीत पाऊल टाकलेल्या सेंटरसाठी एवढे देणे म्हणजे आजच्या संघाकरिता उद्याची शिल्लक रिकामी करणे होते, आणि पहिल्या मोसमात ४२ विजय व ४० पराभव पाहून चाहते संतापले, यात त्यांचे काही चुकले नाही. संघाचा दुसरा उंच खेळाडू कार्ल-अँथनी टाऊन्स त्या मोसमात दुखापतीमुळे बहुतेक काळ मैदानाबाहेर होता, हेही मात्र लक्षात घेतले पाहिजे. पुढच्याच मोसमात संघाने ५६ लढती जिंकल्या आणि तो पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. त्यानंतरच्या मोसमातही त्याने तीच फेरी गाठली.

परंतु अनेक पत्रांत दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, आणि ते वेगळे करणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. व्यवहार महाग होता का, हा संघाच्या व्यवस्थापनाचा हिशेब आहे. गोबेर मैदानावर किती उपयोगी आहे, हा खेळाचा हिशेब आहे. देऊन टाकलेल्या निवडी तो वाईट खेळला तरी परत येत नाहीत आणि चांगला खेळला तरी परत येत नाहीत. म्हणून प्रत्येक लढतीनंतर त्या निवडी त्याच्या नावे खर्ची टाकणे अन्यायाचे आहे. आज विचारायचा प्रश्न इतकाच, की त्याच्या वेतनात याहून अधिक उपयोगी खेळाडू आणता येईल का. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने केलेला तीन वर्षांचा, ११ कोटी डॉलरचा करार या दृष्टीने पाहावा. २०२५-२६ साठी असलेला सुमारे ४ कोटी ६७ लाखांवर जुना करार पुढे चालवण्याचा पर्याय सोडून त्याने त्या मोसमासाठी ३ कोटी ५० लाख स्वीकारले. वेतनमर्यादा वाढतच असल्याने त्याचा वाटा ३० टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर आला, आणि या दराने तो मला मुळीच महाग वाटत नाही.

प्रश्न : प्ले-ऑफमध्ये, म्हणजे साध्या मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, त्याची लाज निघते. २०२१ मध्ये क्लिपर्सने आणि २०२४ मध्ये डॅलसच्या लुका डॉनचिचने त्याला उघडे पाडले. मग साध्या मोसमातल्या मानांना काय अर्थ?

उत्तर : या दोन्ही प्रसंगांनी मलाही अस्वस्थ केले होते, म्हणून दोन्ही लढती मी पुन्हा पाहिल्या.

२०२१ मध्ये गोबेरचा तेव्हाचा संघ जाझ हा साध्या मोसमातला सर्वाधिक विजय मिळवणारा संघ होता. क्लिपर्सविरुद्धच्या सहाव्या लढतीत त्याच्याकडे २५ गुणांची आघाडी होती आणि तरीही तो १३१-११९ असा हरून बाहेर पडला. क्लिपर्सने लांबून शॉट मारणारे पाच खेळाडू एकाच वेळी उतरवले. गोबेरच्या वाट्याला टेरन्स मान आला आणि मानने त्या रात्री ३९ गुण केले, त्यात तीन गुणांचे सात शॉट होते. नोंदीपुरते पाहिले तर दोष गोबेरचा. पण चेंडूवर नजर ठेवून पाहिले की सुरुवात दुसरीकडे झालेली दिसते. जाझचे गार्ड समोरच्या खेळाडूला अडवू शकत नव्हते. तो पहिल्याच ड्रिबलला त्यांना ओलांडून आत येत होता. मग गोबेरने कोपऱ्यातल्या मानला धरून ठेवावे, की रिंगकडे येणाऱ्याला अडवावे? गोबेर आत आला की चेंडू कोपऱ्यात जात होता, आणि त्याने कोपरा सोडला नाही तर बास्केट मोकळीच होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसे या लढतीचे झाले आहे.

डॉनचिचचा प्रसंग वेगळा आहे आणि तेथे मी गोबेरची बाजू घेणार नाही. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतल्या दुसऱ्या लढतीत मिनेसोटा दोन गुणांनी पुढे होता. बचावपटूंनी आपसांत केलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या अदलाबदलीमुळे गोबेर बास्केटपासून दूर, तीन गुणांच्या रेषेवर, डॉनचिचसमोर उभा राहिला. डॉनचिचने पुढे जाण्याचा आव आणला, मग मागे पाऊल घेतले आणि अवघे तीन सेकंद उरले असताना शॉट मारला. गोबेर अर्ध्या पावलाने कमी पडला आणि डॅलसने लढत १०९-१०८ अशी जिंकली. एवढ्या उंचीच्या खेळाडूला मोकळ्या जागेत झटकन पुढे-मागे होणे जड जाते. ही त्याची मर्यादा खरी आहे आणि उत्तम प्रतिस्पर्धी ती हेरणारच. प्रशिक्षकाने अशा क्षणी ती अदलाबदल होऊ द्यावी का, दुसरा बचावपटू डॉनचिचच्या अंगावर धाडून चेंडू त्याच्या हातातून काढून घ्यावा का, यावर वाद होऊ शकतो. मी असतो तर चेंडू काढून घेतला असता.

प्रश्न : २०२४ च्या प्ले-ऑफमध्ये डेन्व्हरविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत गोबेर नव्हता, तरी मिनेसोटाने १०६-८० असा विजय मिळवला. याहून मोठा पुरावा कोणता?

उत्तर : अपत्यजन्मामुळे गोबेर त्या लढतीत खेळला नाही आणि संघाने त्याच्याविना अप्रतिम बचाव केला, हे निर्विवाद आहे. त्यावरून मिनेसोटाचे इतर बचावपटू किती सरस होते ते कळते, आणि गोबेरच्या नावावर सर्व श्रेय जमा करणाऱ्यांनी ही लढत अवश्य ध्यानात ठेवावी. परंतु एका लढतीवरून बांधलेला निष्कर्ष तग धरत नाही. डेन्व्हरचा सेंटर निकोला योकिच याला रोखण्यासाठी त्या मालिकेत मिनेसोटाने जो डाव मांडला होता, त्यात टाऊन्स योकिचच्या अंगाला भिडून खेळे आणि गोबेर थोडा बाजूला राहून मागची जागा राखे. हा डाव सात लढतींपर्यंत पुरला. सातव्या लढतीत तर संघाने २० गुणांची पिछाडी भरून काढली आणि ९८-९० असा विजय मिळवला.

प्रश्न : उंच सेंटरचे दिवस सरले, असे नेहमी ऐकतो. मग या जागेवर एवढा पैसा का लावायचा?

उत्तर : या समजाला आधार नाही असे नाही. २०१५ च्या अंतिम फेरीत गोल्डन स्टेटने सेंटरइतका उंच नसलेल्या ड्रेमंड ग्रीनला सेंटरच्या जागी खेळवून विजेतेपद मिळवले. २०२० मध्ये ह्यूस्टनने क्लिंट कपेला या उंच सेंटरला सोडले आणि ६ फूट ५ इंचांच्या पी. जे. टकरवर ती जबाबदारी टाकली, पण दुसऱ्या फेरीत लेकर्सकडून तो संघ १-४ असा हरला. सर्वोत्तम खेळाडूच्या मानाचे पाहिले, तर २००० मध्ये शकील ओनीलनंतर दोन दशके एकाही सेंटरला तो मिळाला नाही. मग २०२१ पासून चार वर्षे लागोपाठ तो सेंटरकडेच गेला, तीन वेळा योकिचकडे आणि एकदा जोएल एम्बीडकडे. हे दोघे गुण करणारे आणि पास देणारे सेंटर आहेत. गोबेरची जात निराळी, तिचा धागा बोस्टनचा जुना सेंटर बिल रसेल याच्यापर्यंत मागे जातो. रसेलची सरासरी १५.१ गुणांची होती, त्याच्या काळात ब्लॉकची अधिकृत नोंदच ठेवली जात नव्हती, आणि तरीही १३ मोसमांत ११ विजेतेपदे त्याच्या संघाने मिळवली. ब्लॉक केलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्याऐवजी तो हलकेच मैदानातच ठेवायचा, म्हणजे ताबा आपल्याच संघाकडे येत असे.

ज्यांना अजूनही शंका आहे, त्यांनी ३० एप्रिल २०२५ ची लेकर्सविरुद्धची प्ले-ऑफमधली पाचवी लढत पाहावी. मालिकेतल्या आधीच्या चार लढतींत गोबेर झाकोळलेला होता. लेकर्सकडे भरवशाचा सेंटर नव्हता आणि त्यांनी लहान चणीचा संघ खेळवणेच पसंत केले. त्या रात्री मिनेसोटाने तीन गुणांसाठी ४७ शॉट मारले आणि त्यांपैकी अवघे ७ आत गेले. इतक्या वाईट नेमबाजीने एरवी कोणताही संघ हरतो. पण शॉट चुकून चेंडू रिंगवरून उसळला की गर्दीतून गोबेरचा हात सर्वांच्या वर दिसे. तो चेंडू धरी आणि खाली न आणता तसाच पुन्हा वर ढकली. लढत संपली तेव्हा त्याच्या नावावर २७ गुण आणि २४ रिबाऊंड होते, मिनेसोटा १०३-९६ असा जिंकला होता आणि मालिका तेथेच आटोपली.