२१ टक्केवालं सोलर पॅनेल १७ टक्केवाल्यापेक्षा जास्त वीज देतं का?

प्रश्न : १७ टक्के एफिशियन्सीचं पॉली (अनेक स्फटिकांच्या सिलिकॉनचं) पॅनेल आणि २१ टक्क्यांचं मोनो (एकाच स्फटिकाच्या सिलिकॉनचं), दोन्हींची एक किलोवॉटची सिस्टिम मिळतेय. मोनोने वीज जास्त मिळेल ना? आणि थिन फिल्मचं, म्हणजे काचेवर पातळ थर दिलेल्या पॅनेलचं काय?

उत्तर : हा घोळ खूप जणांचा होतो, म्हणून जरा नीट सांगतो. तो टक्का जागेचा आहे हो, विजेचा नाही. एक किलोवॉट म्हणजे एकच किलोवॉट, पॉलीला त्यासाठी साधारण ५.९ चौरस मीटर लागतील आणि मोनोला ४.८, बस. छत लहान असेल तर मोनोच घ्या, तिथे विचारसुद्धा करू नका.

खरा फरक पडतो तो उन्हात. पॅनेलमागचा वॉटचा आकडा लॅबमधला असतो, १००० वॉट प्रति चौरस मीटर प्रकाश आणि पॅनेलमधल्या सेलचं (वीज बनवणाऱ्या चकत्यांचं) तापमान २५ डिग्री. आता भर दुपारी कडक ऊन असेल तेव्हा पॅनेलच्या पाठीला हात लावून बघा, पटकन मागे घ्याल, कारण सेल ६५ डिग्रीपर्यंत सहज जातात. म्हणजे ४० डिग्री जास्त, आणि दर डिग्रीला पॉली साधारण ०.४ टक्के पॉवर गमावतं, आणि मोनोच्या प्रकारांपैकी पर्क ०.३५, टॉपकॉन ०.३ च्या आसपास आणि हेटेरोजंक्शन ०.२५. करा गुणाकार, पॉलीचे १००० चे ८४० वॉट राहिले आणि हेटेरोजंक्शनचे ९००! डेटाशीटवर 'टेम्परेचर कोएफिशियंट ऑफ पीमॅक्स' (दर डिग्रीला कमाल पॉवर किती टक्के बदलते) अशी ओळ असते, माझ्या मते गरम हवेत एफिशियन्सीच्या आधी ती वाचावी.

थिन फिल्ममध्ये कॅडमियम टेल्युराइड हा प्रकार उन्हात चांगला टिकतो, दर डिग्रीला घट ०.३ टक्क्यांच्या जवळपास. अमॉर्फस सिलिकॉन या दुसऱ्या प्रकाराला तर उष्णतेचा त्रास आणखी कमी, पण सुरुवातीच्या काही महिन्यांत उन्हानेच त्याची पॉवर उतरते आणि जागा दुपटीहून जास्त खातं, त्यामुळे घराच्या छतासाठी मी नाही सुचवणार.

आणि एक, दोन पॅनेलची तुलना करायची तर दोन्ही एकाच दिशेला, एकाच कोनात, काचा पुसलेल्या, आणि सावली अजिबात नको, अगदी टाकीच्या पाइपचीसुद्धा नाही, कारण तेवढी पट्टी सेलवर आडवी पडली तरी पॅनेलचा एक तृतीयांश भाग बायपास होऊ शकतो, म्हणजे वीज देणं थांबवू शकतो, आणि मग दोष उगाच पॅनेलला. दिवसाच्या एका रीडिंगवर जाऊ नका, वर्षभराचे युनिट घ्या आणि किलोवॉटने भागा.