वाचकांचे प्रश्न : एकाच पाण्यात पॉलिप लहान-मोठे का?

प्रश्न : माझ्या रीफ टँकमध्ये (समुद्री प्रवाळांच्या मत्स्यालयात) एकाच खडकावर झोअँथिड या प्रवाळाच्या नात्यातल्या, वसाहत करून राहणाऱ्या प्राण्याचे तीन प्रकार आहेत. एकाच्या पॉलिपची, म्हणजे वसाहतीतल्या एकेका जीवाची, चकती जेमतेम ५ मिमी, दुसऱ्याची १० मिमीच्या आसपास, तर तिसऱ्याची २ सेंमीहून मोठी. पाणी, दिवा, खाणे तिघांनाही सारखेच. लहान प्रकाराची उपासमार होते आहे का?

उत्तर : बहुधा नाही. झोअँथस आणि पॅलिथोआ या झोअँथिडच्या दोन वेगळ्या जाती; तिसरा प्रकार झोअँथस नसून पॅलिथोआ असावा. भिंगातून देठ पाहा. पॅलिथोआ वाळूचे कण अंगात रुतवून घेते, त्यामुळे देठ मातकट आणि खरखरीत दिसतो. झोअँथसचा गुळगुळीत असतो. उरलेले दोन्ही झोअँथस असले, तरी त्यांच्यात दुपटीचा फरक असण्यात नवल नाही. पूर्ण वाढलेली चकती किती मोठी होणार, हे मुख्यतः त्या प्रकाराच्या अंगभूत गुणांवर ठरते. जास्त खाऊ घालून ५ मिमीचा प्रकार १० मिमीचा होत नाही, फक्त पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतात.

मात्र जागेमुळेही फरक पडतो. भरपूर उजेडात देठ आखूड राहतात आणि चकत्या दाटीने बसतात. सावलीत तोच प्रकार उजेडाकडे ताणला जातो, म्हणून उंच आणि मोठा भासतो. त्यामुळे खडकाच्या माथ्यावरचा प्रकार आणि कपारीतला प्रकार यांची तुलना करू नका. खात्री करायची असेल, तर प्रत्येक प्रकाराचे ५-६ पॉलिप असलेले तुकडे वेगवेगळ्या फ्रॅग प्लगवर (तुकडा चिकटवायच्या छोट्या बुचांवर) लावा. तिन्ही प्लग एकाच उंचीवर, मंद ते मध्यम प्रवाहात ठेवा. त्या जागी पार (PAR, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचे माप) ८० ते १५० पुरे. सहा ते आठ आठवड्यांनंतरही फरक तसाच राहिला, तर तो प्रकाराचाच आहे.

मोजताना हमखास चूक होते. सपाट काचेतून पाहिले की पाण्यातली वस्तू जवळ आणि मोठी दिसते. म्हणून प्लास्टिकची पट्टी पाण्यात, पॉलिपच्या अगदी शेजारी, त्याच पातळीवर धरा. वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंप) दहा मिनिटे बंद ठेवून समोरून फोटो घ्या, दर वेळी दिवसाच्या त्याच वेळी. कडेचे पॉलिप नुकतेच फुटलेले असतात. वसाहतीच्या मधले मोजा.

तुकडे पाडताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. काही पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते आणि दिसण्यावरून ते ओळखता येत नाही. टँकचेच पाणी घेतलेल्या वेगळ्या भांड्यात तळाच्या खडकाच्या कपच्यासकट तुकडा काढा आणि ते पाणी परत टँकमध्ये ओतू नका. असा खडक कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने धुऊ नका. विष वाफेबरोबर श्वासात जाते आणि त्यामुळे घरातली माणसे रुग्णालयात पोहोचल्याची उदाहरणे आहेत.

काळजी कधी करायची? एकाच प्रकारातले पॉलिप पूर्वीपेक्षा लहान होऊ लागले किंवा बरेच दिवस मिटलेले राहिले, तर. मग रात्री टॉर्च घेऊन झोअँथिड खाणारे न्युडिब्रँच (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) आणि सनडायल गोगलगाय शोधा. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर असणे हेही आकसण्याचे एक कारण असते.

प्रश्न : अॅक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण प्रवाळाचे पॉलिप मुळातच लहान. तरी विकत घेताना फांद्या लोकरीसारख्या दिसत होत्या, आता बोडक्या दिसतात. खाणे वाढवू का?

उत्तर : आधी वाढवू नका. अॅक्रोपोराचा पॉलिप ज्या पेल्यात बसतो तो साधारण १ ते २ मिमीचा असतो आणि तो काही आकसत नाही. बदलते ते पॉलिपचे बाहेर येणे. दिवे विझल्यावर तासाभराने लाल टॉर्चने पाहा. रात्री पॉलिप बाहेर येत असतील आणि दिवसा नाही, तर पहिला संशय टोचणाऱ्या माशावर घ्या, विशेषतः बुटक्या एंजलफिशवर; काही अॅक्रोपोरा मात्र दिवसा पॉलिप आतच ठेवतात. रात्रीही बाहेर येत नसतील, तर फांदीच्या बुंध्याशी उघड्या सांगाड्यावर चपट्या कृमींची तपकिरी अंडी आणि वर फिकट गोल चावे शोधा. तेही नसतील, तर चार दिवस रोज त्याच वेळी अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता; ती डीकेएच या एककात मोजतात) मोजा. ८ की ९ डीकेएच यापेक्षा ती स्थिर असणे महत्त्वाचे. दिवसाला अर्ध्या डीकेएचहून जास्त हेलकावा अॅक्रोपोराला सोसत नाही. हे सगळे ठीक असेल तरच खाण्याचा विचार करा, आणि तेही रोटिफर या सूक्ष्म जीवांसारखे बारीक. मायसिस ही छोटी कोळंबी या पॉलिपला गिळता येत नाही. ती युफिलियासारख्या मोठ्या पॉलिपवाल्या प्रवाळांसाठी ठेवा.

प्रश्न : गोनिओपोरा आणि अल्व्हिओपोरा या दोन्ही प्रवाळांचे पॉलिप लांब देठाचे. फरक कसा ओळखायचा?

उत्तर : आकारावरून नको, स्पर्शक (पॉलिपच्या तोंडाभोवतीचे बोटांसारखे अवयव) मोजा. गोनिओपोराच्या एका पॉलिपला २४ स्पर्शक असतात, अल्व्हिओपोराला १२. प्रवाह बंद करून जवळून फोटो घेतला की मोजणे सोपे जाते.