मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, इतरांना मोठी कृपादानं (देवानं दिलेली देणगी) आहेत, मला साधंच काम येतं. 'मला काही येत नाही' म्हणून गप्प राहणं ही ख्रिस्ती नम्रता आहे का?

तुम्ही लिहिलंय, मंडळीत कुणाचा गळा गोड, कुणाची प्रार्थना ऐकत राहावी अशी, आणि तुम्हाला फक्त हिशेब नीट ठेवता येतो. म्हणून कुणी काही सांगितलं की 'मला काय येतंय' म्हणून मागं सरकता. मीही बारा वर्षं हेच वाक्य बोललोय.

जालन्यात माझं मोटार भरायचं दुकान आहे, म्हणजे पाण्याच्या जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं. साडू उपदेश करतात, आणि खरंच चांगला करतात. पाळकांनी मला संडे स्कूल घ्यायला सांगितलं तेव्हा मी हात जोडले, 'मी अडाणी माणूस, आमच्या साडूंना सांगा.' लोक म्हणाले, किती साधा माणूस! खरं कारण वेगळंच होतं. साडूंशी तुलना झाली असती आणि मी कमी पडलो असतो. अभिमानच होता तो, फक्त मान खाली घातलेला.

दुकानात मात्र मी असं कधी बोलत नाही. रब्बीच्या ऐन पाण्यात जळालेली मोटार येते, उघडली की करपलेल्या वार्निशचा वास नाकात बसतो. जुन्या तारेचं गेज म्हणजे जाडी बघायची, आटे म्हणजे तारेचे वेढे मोजायचे, तेवढेच नवे भरायचे. मोजताना कुणी हाक मारली आणि आकडा चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून. आटे चुकले की मोटार गरम होणार, आणि शेतकरी रात्री उभ्या पिकात पाण्याची वाट बघत बसणार. एकदा अंबडकडचे एक म्हातारे म्हणाले, "देवानं हातात लई गुण दिलाय." मी म्हणालो, "हो, त्यानंच दिलाय," आणि पैसे मोजून घेतले. ते गेल्यावर वाटलं, हेच वाक्य मंडळीत तोंडातून का निघत नाही?

बायबलमधला मत्तय २५ पुन्हा वाचा. धनी परदेशी जाताना तीन दासांकडे आपला पैसा सोपवतो: पाच, दोन आणि एक टॅलंट. एक टॅलंट म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला 'फक्त एक' मिळाला त्याच्या हातात जवळपास वीस वर्षांची मजुरी होती! त्यानं ती पुरली, आणि वर धन्यालाच कठोर म्हणाला. पाचवाल्याला आणि दोनवाल्याला मात्र धन्यानं शाबासकी सारखीच दिली. दोनवाल्याला 'तुझे पाच का नाहीत' असं तो विचारत नाही. मी इतकी वर्षं स्वतःला दोनवाला समजत होतो, वागत होतो तिसऱ्यासारखा.

प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात विचारलं होतं, तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला मिळालेलं नाही? हा प्रश्न बढाई मारणाऱ्याला जितका लागू, तितकाच मला. मिळालेल्या वस्तूला 'काही नाही' म्हटलं तर देणाऱ्यानं काही दिलंच नाही असं होतं. आणि आहे त्यात समाधान मानण्याबद्दल तो फिलिप्पैच्या मंडळीला कैदेतून लिहितो, तिथं शब्द आहे 'शिकलो'. म्हणजे त्यालाही ते आपोआप आलं नव्हतं.

एक सांगून ठेवतो, हे समाधान कृपादानांपुरतं घ्या. थकलेली मजुरी किंवा नाकारलेला हक्क यावर कुणी 'समाधान मान' म्हणालं, तर ऐकू नका.

संडे स्कूल मी शेवटी घेतलं. पहिल्या रविवारी बोलता येईना, म्हणून पिशवीतून जुना स्टेटर (मोटारीचा तार भरलेला, न फिरणारा भाग) काढून पोरांसमोर ठेवला आणि आटे मोजायला लावले. एका पोरीचे सतरा आले, दुसऱ्याचे एकोणीस, भांडण लागलं, आणि तास तिथंच संपला. साडू दारात उभे राहून बघत होते. मला अजूनही त्यांच्याकडं बघायला थोडं अवघडच गेलं, खोटं कशाला सांगू. पुढच्या रविवारी ते म्हणाले, "तो लोखंडाचा तुकडा परत आणा, पोरं विचारायलीत."

तुमच्या मंडळीत वर्गणीचा हिशेब कोण बघतं, ते आधी विचारून घ्या.