सारख्या चालींच्या डावात घाई नको

बुद्धिबळाच्या पहिल्या स्पर्धेत तुझा प्रतिस्पर्धी तुझ्याच चाली उलट्या बाजूने खेळेल, किंवा तूच त्याची नक्कल करशील. नक्कल सोपी वाटते, पण पांढरा नेहमी एक चाल पुढे असतो. पेत्रोव्ह नावाच्या सुरुवातीचंच बघ (ई४, एफ६ ही पटावरच्या घरांची नावं): ई४ ई५, घोडा एफ३ घोडा एफ६, मग पांढऱ्याने ई५चं प्यादं मारलं. इथे काळ्याने लगेच ई४चं प्यादं मारलं, की पांढरा वजीर ई२ वर आणतो. घाबरून घोडा एफ६ला मागे घेतलास तर संपलं: पांढरा घोडा सी६ला जातो, वजिराचा शह उघडतो आणि तुझा वजीर जातो. म्हणून आधी डी६ खेळून त्या घोड्याला हाकल, प्यादं मग मार. हा क्रम पटावर मांडून दहा वेळा खेळ, नुसता वाचू नकोस.

फ्रेंच एक्स्चेंज या सुरुवातीत दोघं मधली प्यादी मारून घेतात, त्यामुळे ई-पट्टी, म्हणजे ई घरांची उभी ओळ, उघडते, दोन्हीकडची प्यादी सारखी राहतात आणि मुलं लगेच बरोबरी मागतात. माझं कळकळीचं सांगणं, मागू नकोस. पांढऱ्याकडून खेळताना घोडा एफ३ऐवजी ई२ला काढ, नाहीतर सी४ ढकल. तोल तिथेच मोडतो. आणि समोरच्याने बरोबरीचं विचारलंच, तर घड्याळ नाही, पट बघून उत्तर दे.