अनुमस्तिष्कातला ‘न’ कुठून आला?

प्रश्न असा आला आहे: मुलगी नववीत. विज्ञानाच्या वहीत तिनं ‘अणुमस्तिष्क’ लिहिलं आणि बाईंनी लाल शाईनं ‘ण’ खोडून ‘न’ केला. मुलगी ऐकायला तयार नाही. तिचं म्हणणं, “पुढे कंसात ‘लहान मेंदू’ लिहिलंय. लहान म्हणजे अणु. मग माझं चुकलं काय?” आईला उत्तर सुचलं नाही, म्हणून विचारणा.

बाईंचा ‘न’ बरोबर आहे. पण मुलीचा तर्क झटकून टाकावा असा मुळीच नाही. ज्या लॅटिन शब्दासाठी आपण ‘अनुमस्तिष्क’ योजला, त्या ‘सेरेबेलम’चा अर्थ खरोखरच ‘छोटुकला मेंदू’ असा आहे. ‘सेरेब्रम’ म्हणजे मेंदू, त्याचं लघुत्वदर्शक रूप ‘सेरेबेलम’; आपल्याकडे लोट्याची लोटी होते तसं. म्हणजे ‘लहान मेंदू’ हे लॅटिनचं शब्दशः मराठी. ‘अनुमस्तिष्क’ मात्र वेगळ्या वाटेनं आला आहे.

‘अनु’ हा उपसर्ग. मूळ अर्थ मागून, पाठोपाठ, लगत. अनुचर मागून चालतो, अनुस्वार स्वराच्या मागून येतो, अनुवाद म्हणजे दुसऱ्याच्या मागून बोलणं. अनुज हा धाकटा खरा, पण तो लहान आहे म्हणून अनुज नव्हे, मागून जन्मला म्हणून. मुलीला हा एक शब्द दाखवला तरी पुरे. ‘अणु’ हा उपसर्गच नाही. तो सूक्ष्म, कणभर असा अर्थ असलेला स्वतंत्र शब्द. एकटा आला की मराठीत ‘अणू’ असा दीर्घ लिहायचा, समासात पुढे आला की अणुभट्टीसारखा ऱ्हस्व. ‘अणुमस्तिष्क’ म्हटलं तर मुंगीचा मेंदू डोळ्यांपुढे येईल.

आता पाठ्यपुस्तकातली तिन्ही नावं शेजारी ठेवून बघा: प्रमस्तिष्क (म्हणजे मोठा मेंदू), अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ. ‘प्र’ म्हणजे पुढे, ‘अनु’ म्हणजे मागे, शेवटी शेपूट. पालखीच्या पुढचे, मागचे आणि अगदी शेवटचे, अशी ही रांग आहे. इथं आकाराला काही किंमत नाही, जागेला आहे. ‘मस्तिष्क’ शब्द तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात, रोग घालवण्याच्या सूक्तात, जिभेच्या शेजारीच येतो; उपसर्ग जोडून त्याचे भाग पाडणं हे अर्वाचीन काम.

गंमत म्हणजे जागेवरून नाव देण्याची ही पद्धत लॅटिनपेक्षा जुनी आहे. ॲरिस्टॉटलनं या भागाला ‘परेंकेफालिस’ म्हटलं होतं, म्हणजे ‘मेंदूलगतचा’. आजच्या ग्रीक भाषेतही तेच नाव चालतं. लॅटिननं आकार धरला, ग्रीकनं जागा धरली. आपण बोलताना लॅटिनच्या बाजूला आणि लिहिताना ग्रीकच्या, तेही बहुधा नकळत.

जुन्या लेखनात ‘निमस्तिष्क’ असाही पर्याय भेटतो. त्यातला ‘नि’ म्हणजे खाली. मोठ्या मेंदूच्या मागच्या भागाखाली हा असतो, तेव्हा अर्थ चोख आहे. पण निमसरकारी, निमशहरी वाचायची सवय लागलेल्या डोळ्यांना तो अर्धवट मेंदू वाटतो. हा शब्द मागे पडला याचं मला तरी दुःख नाही.

माझं खरं भांडण आहे ‘लहान मेंदू’शी. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातला एक मुलगा मोटरसायकलवरून पडला. डॉक्टरांनी सांगितलं, “लहान मेंदूला सूज आहे.” त्याची आजी पदरानं डोळे पुसत म्हणाली, “लहानच ना? मोठ्याला काही झालं नाही ना? मग देवच पावला.” तिला समजावताना सगळ्यांची पंचाईत झाली. (मुलगा पुढे बरा झाला. सहा महिने भिंत धरून चालत होता.)

लहान म्हणायचं तर किती लहान? वजनानं अख्ख्या मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा. पण पेशी मोजल्या तर पारडं उलटं फिरतं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार माणसाच्या मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी, आणि त्यांतल्या सुमारे 6900 कोटी एकट्या या ‘लहान’ मेंदूत. दर पाचांतल्या चार! त्याच्या पृष्ठभागावर बारीक समांतर घड्या असतात, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. 2020 मध्ये संशोधकांनी त्या संगणकावर उलगडून बघितल्या, तर क्षेत्रफळ मोठ्या मेंदूच्या बाह्यकाच्या, म्हणजे त्याच्या बाहेरच्या थराच्या, पाऊणपटीहून थोडं जास्तच भरलं. मुठीत मावणाऱ्या गाठोड्यात एवढं कापड.

आतली रचनाही बघण्यासारखी आहे. मधोमध वळ्यावळ्यांचा पट्टा, त्याला लॅटिनमध्ये ‘किडा’ असंच नाव. दोन्ही बाजूंना दोन गोलार्ध. मधला पट्टा धड आणि चाल सांभाळतो, गोलार्ध हातापायांची नेमकी हालचाल. तळाशी एक छोटा खंड कानातल्या तोलाच्या इंद्रियाशी आणि डोळ्यांच्या हालचालींशी जोडलेला. आणखी एक: मोठ्या मेंदूचा डावा भाग उजवं अंग चालवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण इथं तसं नाही. डाव्या बाजूचा अनुमस्तिष्क डावंच अंग सांभाळतो, कारण वाटेत तंतू दोनदा बाजू बदलतात आणि पुन्हा मूळ बाजूला येतात.

पृष्ठभागाच्या तीन थरांपैकी मधल्या थरात एका ओळीत मोठ्या पेशी बसलेल्या असतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी 1837 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या पुर्किन्ये पेशी. लहानपणी पिंपळाचं पान वहीत ठेवून त्याची जाळी केली असेल, तर ही पेशी कशी दिसते ते सांगायची गरज नाही: तशीच चपटी, तशीच जाळीदार. अशी पानं एकामागे एक उभी, आणि त्यांच्या जाळीतून आडवे जाणारे बारीक तंतू, विजेच्या खांबांवरून तारा जाव्यात तसे. एकेका पानाला असे लाख-दीड लाख तंतू जोडलेले असतात. शरीराची स्थिती काय, हुकूम काय सुटला, हे सगळं त्यांच्यातून येतं. याशिवाय प्रत्येक पेशीला खालून वेलीसारखा चढत येणारा एकच जाड तंतू असतो. तो बहुधा ‘चुकलं’ एवढीच वर्दी देतो आणि त्यावरून बाकीच्या जोडण्या कमीजास्त होतात. आणि या पेशी स्वतः बाहेर धाडतात तो संदेश फक्त एकाच जातीचा, रोखण्याचा. त्या हालचाल सुरू करत नाहीत, आवर घालतात. दगडातून नको ते काढून टाकणाऱ्या पाथरवटाची आठवण होते.

म्हणूनच अनुमस्तिष्क बिघडला की लकवा होत नाही. 1824 मध्ये फ्रान्सच्या फ्लुरांसनं कबुतरांवर प्रयोग करून हे दाखवलं: पक्षी हलत होते, पण त्यांना धड उभं राहता येईना. ताकद शाबूत, ताळमेळ गेलेला. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी डोक्याच्या मागे गोळी लागलेले सैनिक तपासले. त्यांच्या एका रुग्णाचं सांगणं असं होतं की एक हात आपसूक चालतो, पण दुसऱ्याची प्रत्येक हालचाल मला विचार करून करावी लागते.

हे वाचलं तेव्हा मला भाकरी आठवली. आई परातीत पीठ भुरभुरवून उंडा ठेवते, उजवा तळवा थापत जातो, डावा कड सांभाळतो, आणि भाकरी आपोआप गोल फिरत मोठी होते. तोंडानं शेजारच्या काकूंशी गप्पा चालू. मी थापायला बसलो की आधी दाब, मग फिरवणं, मग कड, असं एकेक आठवून करतो, तोवर मधे भोक पडलेलं असतं. आई म्हणते, “अजून हात बसला नाही तुझा.” पेशींच्या जोडण्या चुका खात खात जुळत जाणं याला मराठीत यापेक्षा नेमका शब्द मला सापडलेला नाही. हात बसणं, अंगवळणी पडणं. पाठ्यपुस्तकं ‘समन्वय’ म्हणतात. बरा शब्द आहे, पण तो समितीच्या बैठकीतही चालतो.

अनुमस्तिष्क मोठ्या मेंदूच्या मागून चालतो, चुका दुरुस्त करतो, म्हणून ‘अनु’, अशी फोड कोणी करून दाखवली तर ती गोड आहे, पण विश्वास ठेवू नका. एक तर शब्द जागेवरून आला आहे. दुसरं म्हणजे हा भाग नुसता मागून येत नाही, पुष्कळदा पुढचं आधीच ताडतो. हातापायांकडून खबर परत यायला वेळ लागतो, तेवढं थांबलो तर झेल कधीच घेता येणार नाही. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकतो आणि जमिनीवर दणका बसतो, तेव्हा चुकलेला असतो तो हा आगाऊ अंदाज. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्याचंही हेच कारण. 1998 मध्ये लंडनच्या संशोधकांनी यात अनुमस्तिष्काचा हात असल्याचं दाखवलं.

तेव्हा वहीत ‘अनुमस्तिष्क’, विशेषण हवं तर ‘अनुमस्तिष्कीय’. बोलताना ‘लहान मेंदू’ आता इतका रुळला आहे की तो हटणार नाही, आणि डॉक्टर मंडळी आपसांत ‘सेरेबेलम’च म्हणतात. फक्त दवाखान्यात एखाद्या आजीला सांगायची वेळ आली, तर ‘डोक्याच्या मागचा, तोल सांभाळणारा मेंदू’ असं चार शब्द जास्त खर्चून सांगावं. आणि मुलीला सांगा की ‘ण’ चुकला, पण लॅटिन तुझ्या बाजूनं आहे.