कृष्णद्रव्य दिसतच नाही, तर शास्त्रज्ञ त्याचा शोध कसा घेतात?

कृष्णद्रव्य, म्हणजेच डार्क मॅटर, प्रकाश बाहेर टाकत नाही आणि शोषूनही घेत नाही. त्यामुळे त्याचा माग आजवर केवळ गुरुत्वाकर्षणावरूनच लागला आहे. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा समूहातील दीर्घिकांचे वेग तपासले, तेव्हा दिसणाऱ्या वस्तुमानाच्या बळावर हा समूह एकत्र टिकणे शक्य नाही, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांना देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या भागातही भ्रमणवेग अपेक्षेइतका घटत नसल्याचे आढळले.

खरा कस लागतो तो त्याचा कण प्रत्यक्ष टिपताना. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, एलझेड प्रयोगात सात टन द्रवरूप झेनॉनवर नजर ठेवली जाते. असा कण झेनॉनच्या अणुकेंद्रकावर आदळला, तर प्रथम एक क्षीण चमक उमटेल आणि सुटलेले इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्रामुळे वरच्या वायूच्या थरात पोहोचताच दुसरी. या दोहोंमधील वेळेवरून टक्कर किती खोलीवर झाली ते कळते आणि टाकीच्या कडेला होणारा किरणोत्साराचा गोंगाट वगळता येतो. अद्याप असा निर्विवाद संकेत मिळालेला नाही.

इटलीतील डामा गटाचा दावा मात्र वेगळा आहे. त्यांना वर्षभरात नियमितपणे कमी-जास्त होणारा संकेत दिसतो. परंतु त्याच प्रकारचे सोडियम आयोडाइडचे स्फटिक वापरणाऱ्या कोसाइन-१०० आणि अनाइस या प्रयोगांत तो आढळलेला नाही, म्हणून त्याला पुरावा मानणे मला योग्य वाटत नाही.